उभ्या गाडीचे दुखणे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावे ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या पाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत परततात. या काळात माणसांच्या मागे काही वाहनेही जागच्या जागी थांबून राहतात. मुकादमाची जुनी जीप वाड्याच्या भिंतीला लागून उभी असते. मुलाने पुण्यात नवी गाडी घेतली म्हणून वडिलांच्या दारात आणून लावलेली, एमएच २३ पासिंगची मारुती ८०० पत्र्याच्या शेडखाली असते. बीड शहरातून प्रवासी रेल्वे निघाली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर जायचे-यायचे ते रस्त्याने, आणि बहुतेकांसाठी अजूनही तसेच. तेव्हा चालण्याजोगी गाडी मोडीत घालायला इथे कुणाचे मन लवकर होत नाही. ती ‘असू द्या’ म्हणून ठेवली जाते. मग एक दिवस लग्नाला किंवा दवाखान्यात जायचे निघते, चावी फिरवली जाते आणि गाडी ढिम्म हलत नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा हाच प्रकार शहरांतल्या सोसायट्यांनीही अनुभवला, पण तिथे दोन-तीन महिन्यांचा प्रश्न होता. इथे सहा महिने, कधी दोन-दोन वर्षे.

त्यानंतर जे घडते ते जवळपास ठरलेले आहे. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला जातो. चार पोरे धक्का मारतात. मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओततात, आणि एवढ्यानेही जमले नाही की मिस्त्रीला फोन जातो. या सगळ्या उपायांत एक समजूत लपलेली आहे: गाडी जुनी झाली, म्हणून रुसली. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. चालून झिजलेल्या गाडीचे दुखणे वेगळे आणि उभे राहून बिघडलेल्या गाडीचे वेगळे. जी गाडी चालत आली, स्वतःच्या पायांनी शेडखाली गेली आणि तिथे बंद केली, तिचे पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर त्या दिवशी ठीक होते. नंतर त्यांना झिजायला संधीच मिळालेली नाही. बदलले आहे ते रसायन: बॅटरीतले, टाकीतले, धातूच्या उघड्या पृष्ठभागांवरचे, रबराचे. शिवाय उंदीर-घुशींनी जे केले असेल ते. म्हणजे संशयित मोजके आहेत आणि ते कुठे सापडतात तेही माहीत आहे. म्हणून तपासाचा क्रम आधीच ठरवता येतो, आणि त्या क्रमात चावी फिरवणे पहिले येत नाही, बऱ्याच नंतर येते.

‘चालू होत नाही’ या एका तक्रारीत दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. एकीत इंजिन फिरतच नाही. दुसरीत ते खरखर फिरते, पण पेट घेत नाही. पहिलीचा संबंध बॅटरी, तिची टर्मिनले, सेल्फ आणि जाम झालेले इंजिन यांच्याशी. दुसरीचा संबंध पेट्रोल आणि ठिणगी यांच्याशी. पहिल्या तक्रारीवर प्लग साफ करणे आणि दुसरीवर नवी बॅटरी आणणे यांत पैसे जातात, दिवसही जातो. आपण कोणत्या दुखण्यापुढे उभे आहोत हे ओळखायला गॅरेजची गरज लागत नाही.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत आधी तीच दगा देते. शिसे आणि आम्लाची बॅटरी गाडीला जोडलेली नसली तरी आतल्या आत उतरत राहते. साधारण २५ अंश तापमानाला महिन्याला चार-पाच टक्के, आणि दर १० अंशांनी हा वेग जवळपास दुप्पट होतो. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून वर जातो. म्हणजे थंड हवेत सहा महिने तग धरणारी बॅटरी इथे निम्म्या काळात उतरणार. त्यात गाडीला नंतर बसवलेला टेप, घड्याळ किंवा सायरन जोडलेला असेल तर हिशेब आणखी सोपा आहे. ५० मिलिअँपिअरची बारीक गळती दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते, आणि मारुती ८०० ची सुमारे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते. नुसते उतरणेही फारसे वाईट नाही. वाईट आहे ते उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे. बॅटरी उतरताना तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात. लगेच चार्ज केले तर ते विरघळून परत जातात. महिनोन्महिने तसेच राहिले तर ते मोठे आणि टणक होतात, पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशी बॅटरी रात्रभर चार्ज केल्यावर मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फला हात लावला की बसते.

‘मीटरवर बारा दाखवतोय की!’ हे वाक्य म्हणूनच पुरेसे नसते. बारा व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. विश्रांतीत १२.६ किंवा १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि नेमके १२ म्हणजे पाव. मीटर १०.५ च्या आसपास थबकत असेल आणि चार्जिंगनेही वर सरकत नसेल, तर सहापैकी एक सेल मेला असे समजावे, कारण प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा असतो आणि हिशेबातून नेमका एकच वजा झालेला दिसतो. खरी परीक्षा मात्र भाराखाली होते. सेल्फ फिरत असताना व्होल्ट ९.६ च्या खाली जाऊ नयेत. मीटर नसेल तर हेडलाइट आहे. संध्याकाळी गाडीचे तोंड भिंतीकडे असेल तर उत्तमच. दिवे लावायचे, भिंतीवरच्या उजेडाकडे बघत एकदाच चावी फिरवायची. उजेड पार विझला तर बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल नीट पकडत नाही. उजेड जसाच्या तसा राहिला आणि सेल्फने आवाजही केला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही: चावीचा स्विच, सोलेनॉइड किंवा मधली वायर. एक ‘खट्’ असा आवाज आला आणि उजेड मंदावून तिथेच राहिला, तर हात थांबवायचा, कारण सेल्फ जोर लावतो आहे आणि इंजिन हलत नाही अशी शक्यता आता उभी राहते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर निष्कर्ष काढण्याआधी ती गरम पाण्याने धुवून, पाना लावून टर्मिनल पुन्हा कसावे. नव्या बॅटरीचा खर्च या धुण्याने अनेकदा वाचतो. चेसिसला येणारी अर्थिंगची जाड वायर लोक विसरतात, तिचेही टोक घासून घ्यावे.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढी चिकित्सा कशाला, धक्का मारला की होते. होते, पण केव्हा? धक्का फक्त सेल्फचे काम करतो, ठिणगीचे करत नाही. जुन्या जीपला किंवा अँबेसेडरला डायनामो असायचा. त्याच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते, त्यामुळे वेगाने ढकलल्यावर तो स्वतःची वीज स्वतः सुरू करू शके. धक्क्याची कीर्ती त्या काळातली आहे. मारुतीसारख्या गाड्यांत अल्टरनेटर आला, आणि त्याला चुंबक तयार करण्यासाठी आधी बॅटरीकडून थोडी वीज लागते. बॅटरी पार मेलेली असेल तर गाव ढकलत राहील आणि प्लगला करंट मिळणार नाही. २००० च्या आसपास आलेल्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत तर पेट्रोलचा पंप आणि संगणकही बॅटरीवरच जगतात. दुसरे, अधिक गंभीर कारण असे की उभ्या इंजिनमध्ये रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात, किंवा वाळलेल्या पेट्रोलच्या राळेमुळे एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. सेल्फची ताकद मर्यादित आहे, तो निदान हरतो. उतारावरून येणाऱ्या गाडीचे वजन हरत नाही. ते व्हॉल्व्ह वाकवते.

म्हणून सेल्फच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघणे हे या साऱ्या तपासातले सर्वांत मोलाचे पाऊल मी मानतो, आणि ते सर्वांत कमी वेळा उचलले जाते. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला, तोवर सगळे जग हँडल मारूनच इंजिन सुरू करत होते. जुन्या जीपमध्ये आणि अँबेसेडरमध्ये पुढच्या बंपरमधून हँडल घालायची सोय पुढेही बरीच वर्षे राहिली. ते हँडल आज सुरू करण्यासाठी नव्हे, तर चौकशीसाठी वापरावे. मारुतीत क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावता येतो. प्लग काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, इंजिनच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवायचे. दोन पूर्ण फेरे अडखळल्याविना झाले तर रिंगा मोकळ्या आहेत. अडले तर जोर करायचा नाही. प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडायचे आणि गाडी एक-दोन दिवस तशीच राहू द्यायची. मग पुन्हा पाना, मागे-पुढे, थोडा थोडा. या वाट बघण्याची लाज वाटायचे कारण नाही, गंजाला तेल मुरायला वेळ लागतोच. इंजिन फिरत असले तरी तेल सोडण्याचा फायदा आहे: महिनोन्महिन्यांत सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल निथळून खाली गेलेले असते, आणि पहिले काही फेरे कोरडे घासतात.

बॉनेट उघडलेच आहे तर पाहुण्यांचाही हिशेब घ्यावा. रब्बीची रास झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, आणि उभ्या गाडीचे इंजिन म्हणजे त्यांना वारा न लागणारी आयती जागा. एअर क्लीनरचे झाकण उघडले तर आत कडबा, चिंध्या, शेंगांची टरफले निघतात. अशा फिल्टरमधून इंजिनला हवा मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुरतडलेल्या वायरी. कॉइलकडे जाणारी एक वायर तुटली की ठिणगी गेली, आणि दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की पहिल्याच चावीला धूर. पेट्रोलचे रबरी पाइपही दातांतून सुटत नाहीत. मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी मात्र बारीक नळ्या पसंत करते, टाकीला हवा देणारी नळी तिने लिंपली तर गाडी सुरू होऊन काही वेळाने पेट्रोलविना बंद पडते. हे सगळे डोळ्यांना दिसते. दिसते म्हणूनच ते आधी बघायचे.

आता दुसरी तक्रार. इंजिन मोकळे आहे, बॅटरी चांगली आहे, सेल्फ जोमात फिरवतो आहे, तरी पेट घेत नाही. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर तापून सेल्फच जायचा. दोन-तीन प्रयत्नांनंतर पुन्हा चावी फिरवण्यापेक्षा एक प्लग काढून हातात घ्यावा. या तपासात त्याच्याइतका सरळ साक्षीदार दुसरा नाही. प्लगचे टोक कोरडे ठणठणीत असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही, ठिणगीचा विचार तूर्त बाजूला. टोक ओले असेल आणि पेट्रोलचा नेहमीचा झोंबरा वास येत असेल, तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी हरवली आहे. आणि ओले असून वास आंबूस, व्हार्निशसारखा येत असेल, तर पेट्रोल आले खरे, पण ते आता जळण्याच्या लायकीचे उरलेले नाही. कोरड्या प्लगची उलटतपासणी करायची तर कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर ताजे पेट्रोल घालतात. इंजिन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडले की ठिणगी निर्दोष सुटली आणि दोष टाकी ते कार्बोरेटर या वाटेवर आला. हा प्रयोग मिस्त्री रोज करतात आणि त्यात आगी लागतात, हेही तितकेच खरे. चमच्याऐवजी बाटली नको, एअर क्लीनरचे झाकण परत बसवल्याशिवाय सेल्फ नको, आणि पेट्रोलची बाटली गाडीपासून लांब.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. थंड इंजिन पेटवण्याचे काम त्यातले सर्वांत हलके घटक करतात आणि उडून जाणारेही तेच पहिले असतात. उरलेल्यावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन राळ तयार होते. कार्बोरेटरच्या वाटीतले थोडेसे पेट्रोल तर काही आठवड्यांतच वाळते, आणि तळाशी तांबूस चिकट थर सोडते. जेटचे भोक जेमतेम मिलिमीटरभर असते, त्यावर असा थर बसला की ते बुजते. फ्लोटची सुई त्याच राळेने आपल्या जागी चिकटते. कार्बोरेटरवर पान्याच्या दांड्याने हलके टकटक केले की गाडी सुरू होते, यात जादू काही नाही, अडकलेली सुई सुटते. हे तात्पुरते आहे. जेट काढून, फुंकून, साफ करून बसवणे हाच इलाज, आणि टाकीतले जुने पेट्रोल काढल्याशिवाय त्याचाही उपयोग नाही.

सध्या मात्र या सगळ्याचे खापर एकाच गोष्टीवर फोडले जाते: इथेनॉल. भारतात २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के गाठले गेले आणि २०२५ मध्ये वीस. ज्या उसाच्या तोडीसाठी बीडची गावे रिकामी होतात, त्याच उसाच्या रसातून आणि मळीतून निघालेला अल्कोहोल गावात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत असतो. त्याच्यावरचा आरोप निराधार नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. दहा टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरू शकते, म्हणजे २० लिटरला १०० मिलिलिटरच्या आसपास. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, जिथून पंप ओढतो नेमके तिथे. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, तडकतात. पण आरोप सिद्ध करायचा तर पुरावा हवा, आणि तो सहज मिळतो. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून तासभर सावलीत ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर गुन्हेगार सापडला. थर नाही, पण रंग गडद आणि वास आंबूस असेल, तर ते साधे जुने झालेले पेट्रोल आहे, आणि असे पेट्रोल इथेनॉल येण्याआधीच्या अँबेसेडर आणि पद्मिनीलाही बंद पाडत होते. वीस टक्क्यांचे मिश्रण दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी पोटात ठेवू शकते, हेही आरोप करणारे सांगत नाहीत. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, झाकण घट्ट असलेल्या टाकीत वेगळे होण्याइतके पाणी येणे अवघडच. पावसाळा, निम्मी रिकामी टाकी आणि झाकणाचे तडकलेले रबर हे तिन्ही जमले तर गोष्ट वेगळी. माझ्या मते इथेनॉलचा मोठा उपद्रव निराळाच आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या आत बसलेला मळ ते सोडवते, आणि गाडी सुरू झाल्यावर तो मळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून नवे पेट्रोल भरताना फिल्टरही नवा टाकावा, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा बघावा.

ठिणगी हरवली असेल तर जुन्या गाडीत पहिला संशय सीबी पॉइंटवर. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली दोन छोटे स्पर्शबिंदू उघड-मीट करतात आणि त्या प्रत्येक उघडण्याला कॉइल ठिणगी सोडते. उभ्या गाडीत त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. १२ व्होल्ट त्यातून पार होत नाहीत. तपासायला १२ व्होल्टचा एक बल्ब पुरतो: एक तार कॉइलच्या ऋण टोकाला, दुसरी बॉडीला, आणि सेल्फ मारायचा. बल्ब उघड-मीट करत असेल तर पॉइंट काम करत आहेत, पुढे रोटर आणि एचटी वायरींकडे वळा. सतत जळत राहिला तर पॉइंट मिटूनही वीज सोडत नाहीत, बारीक पॉलिश पेपर फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. अजिबात लागला नाही तर बहुधा कॉइललाच वीज येत नाही, आणि उंदराने कुरतडलेली वायर शोधायला लागा. इंजेक्शनच्या गाडीत हा प्रकार नाही. तिथे चावी अर्ध्यावर ठेवून मागच्या सीटखाली कान द्यायचा, पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग टाकीत गंजून बसलेला पंप.

डिझेल जीपचे प्रकरण लहान आहे. तिला ठिणगीच नाही, त्यामुळे निम्मे संशयित आपोआप सुटतात. उभ्या डिझेल गाडीत बहुतेक वेळा लाइनने एअर पकडलेली असते: वाळलेल्या वॉशरमधून डिझेल मागे टाकीत ओघळते आणि जागा हवा घेते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून सलग धार आली की स्क्रू कसायचा, मग तेच पंपापाशी. फिल्टरच्या तळाचे पाणी त्याआधी सोडून द्यावे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तेही तापतात की नाही ते बघावे.

उरतो एक शहाणा आक्षेप. एवढे सगळे टाळण्यासाठी दर रविवारी शेजाऱ्याकडून दहा मिनिटे गाडी चालू करून घेतली तर? कल्पना वाईट नाही, पण तिच्या बाजूने आणि विरुद्ध दिली जाणारी कारणे दोन्ही चुकतात. सेल्फला जी वीज लागली ती भरून निघायला फार वेळ लागत नाही: १५० अँपिअर तीन सेकंद घेतले तरी ते एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा होतात. खरा तोटा इंजिनच्या आत होतो. जळताना तयार होणारे पाणी थंड सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते, आणि जागेवरच्या दहा मिनिटांत ऑइल ते उडवण्याइतके तापत नाही. तेव्हा दर आठवड्याला जागेवर गुरगुरण्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढून अर्धा तास चालवणे बरे. तेही जमणार नसेल तर बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवणे, टाकीचे झाकण तपासणे आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालणे एवढे तरी जमते. बोळा घातल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी, नाहीतर तोच पुढे तपासाचा विषय होतो.

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी सुरू झाली, असे मात्र नाही. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, विझला नाही तर लगेच बंद. मग क्लच दाबून गिअर टाकावा. गिअर करकरत असेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली आहे. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागचे ब्रेक शू ड्रमला धरून बसलेले असतात, आणि हँडब्रेक सोडूनही चाक फिरत नाही. तिथेही एक्सिलरेटर देण्याऐवजी चाक उचलून ड्रमला चारी बाजूंनी लाकडाच्या ठोकळ्याने ठोकावे लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, सिलिंडर आतून गंजतात, रबरी वॉशर कडक होतात, आणि पेडल पहिल्यांदा दाबल्यावर थेट तळाला जाऊ शकते. म्हणून पहिला ब्रेक दारातच, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने दाबून बघायचा. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात तो पहिल्यांदा दाबायचा नसतो.